तीन रिकाम्या खाचा

सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, सकाळी गुणवंत परुळेकर जिन्यात भेटले, की त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी एक स्क्रूड्रायव्हर हमखास दिसे. दुबईत अल मनखूलमधल्या त्या पाच मजली इमारतीत नऊ मराठी कुटुंबे राहत होती, आणि ज्या ज्या घरात कॉम्प्युटर होता त्या त्या घराने परुळेकरांना कधी ना कधी हाक मारलेली होती. कोणाच्या पडद्यावर नुसताच काळोख असे, कोणाच्या फ्लॉपीत ठेवलेले पत्र पुन्हा उघडत नसे, कोणाचे यंत्र सुरू होताना तीन वेळा शीळ घालून गप्प बसे. परुळेकर जात, चहा घेत, खोके उघडत, रंगकामाच्या ब्रशाने आतली धूळ झाडत, आणि दहातल्या आठ वेळा यंत्र चालू करूनच परतत. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. मान घेतला, आणि मान घेणाऱ्याला आपण काही घेत आहोत याचा पत्ता सहसा लागत नाही, तो मिळेनासा झाल्यावर लागतो.

ते मूळचे देवगड तालुक्यातले. आय.टी.आय.मधून ड्राफ्ट्समन होऊन १९८४ साली दुबईत आले आणि एका बांधकाम सल्लागाराच्या कचेरीत रुजले. १९९३ मध्ये त्या कचेरीतून ड्रॉइंग बोर्ड हलवले गेले आणि त्यांच्या जागी दोन कॉम्प्युटर आले. ड्राफ्ट्समन चार होते. दोघांचे व्हिसा कॅन्सल झाले आणि महिन्याभरात ते गावी परतले. परुळेकरांनी संध्याकाळचा वर्ग लावला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी माऊस धरायला शिकले, आणि राहिले. तीन वर्षांनी ते कॉम्प्युटरही जुने ठरले. साहेबांनी ते कर्मचाऱ्यांना स्वस्तात देऊ केले, तेव्हा परुळेकरांनी त्यातला आपला, म्हणजे ज्याच्यासमोर बसून ते टिकायला शिकले होते तो, टॅक्सीत शेजारी बसवून घरी आणला.

पुढची चार वर्षे त्यांनी तो एकदम बदलला नाही आणि जसाच्या तसा राहूही दिला नाही. आधी मेमरी वाढवली, मग मोठी हार्ड डिस्क बसवली, मग सीडी ड्राइव्ह आणि साउंड कार्ड. अठ्ठ्याण्णवमध्ये तर आतला मदरबोर्डच काढून पेंटियमचा घातला. मूळचे म्हणावे असे शेवटी केवळ पिवळट पडलेले पत्र्याचे खोके उरले. तरी कोणी विचारले तर परुळेकर सांगत, "त्र्याण्णवचा आहे. पण बघा, धावतोय." यामागे त्यांचा एक विचार होता. जुनी झाली म्हणून वस्तू टाकण्याआधी तिला काय कमी पडते आहे हे विचारावे, आणि तेवढेच तिला द्यावे. विचार थोर होता. त्यात वस्तूविषयीचे ममत्व किती आणि स्वतःविषयीची भीती किती, याची फोड मात्र त्यांनी कधी केली नव्हती.

त्यांची पत्नी हेमा एरवी शहरी मराठी बोले, पण टोमणा मारायचा झाला की मालवणीवर येई. "आणखी किती टाके घालतलात त्या खोक्याक?" असे ती विचारी, आणि परुळेकर हसत. त्यांची चौदा वर्षांची मुलगी आभा त्या काळात बापाच्या बाजूची होती. खोके उघडलेले असले की ती टॉर्च धरून शेजारी बसे, आणि तिची वरच्या मजल्यावरची मैत्रीण रंजिताही कधीकधी येऊन बसे. परुळेकर दोघींना बोटाने दाखवत: ही मेमरी, ही डिस्क, या खाचेत हे कार्ड. आपल्या ज्ञानाला डोळ्यांचे असे दोन जोड मिळाल्याचा आनंद त्यांच्या आवाजात ऐकू येई.

रंजिताचे वडील शैलेंद्र कानिटकर पुण्याचे. वयाने परुळेकरांहून सात-आठ वर्षांनी लहान, एका बँकेत वरच्या हुद्द्यावर, स्वभावाने मोकळे. तिसऱ्या मजल्यावर त्यांचे घर, दुसऱ्यावर परुळेकरांचे. दोन्ही घरांत वाटीतून भाजी जाई आणि वाटीतूनच काहीतरी परत येई. २००० सालच्या मार्चमध्ये, शॉपिंग फेस्टिव्हल चालू असताना, एका संध्याकाळी लिफ्टमधून तीन मोठी नवी खोकी तिसऱ्या मजल्यावर गेली. कानिटकरांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता. पेंटियम थ्री, सतरा इंची पडदा, वर्षाची वॉरंटी. साडेचार हजार दिरहम, म्हणजे त्रेपन्न हजार रुपये, असे त्यांची पत्नी विनिता दाराशीच उभी राहून सगळ्यांना सांगत होती. त्यात फुशारकीपेक्षा धास्तीच अधिक होती.

परुळेकरांना पहिला ओरखडा यंत्राचा नव्हता. कोणता घेऊ, हे त्यांना विचारण्यात आले नव्हते, त्याचा होता. नऊ घरांपैकी कोणीही साधा प्रिंटर घ्यायचा म्हटला तरी आधी दुसऱ्या मजल्यावर येत असे. ते अभिनंदन करायला वर गेले, पेढा घेतला, आणि मदरबोर्ड कुठला आहे असे सहज विचारले.

"ते दुकानदाराला ठाऊक," कानिटकर म्हणाले. "झकास चालतो. मला तेवढं पुरे."

उत्तर निर्मळ होते, आणि म्हणूनच ते परुळेकरांच्या जिव्हारी लागले. ज्याला आत काय आहे याची जिज्ञासाही नाही, त्याच्या टेबलावर ती वस्तू यावी, आणि ज्याने तिच्या प्रत्येक नसेचा अभ्यास केला त्याने पाहुण्याच्या खुर्चीत बसून ती पाहावी, यात त्यांना जगाचा काही मूलभूत अन्याय दिसू लागला. सोळा वर्षे त्यांनी या शहरातल्या श्रीमंतांच्या मोटारी पाहिल्या होत्या आणि त्यांना कधी काही वाटले नव्हते. मत्सर वाटायला माणूस आपल्याच जिन्यातला असावा लागतो.

मग आभा वर जाऊ लागली. शाळेने मोती काढणाऱ्या पाणबुड्यांवर प्रकल्प दिला होता आणि ज्ञानकोशाची सीडी परुळेकरांच्या यंत्रात चित्र दाखवता दाखवता थिजून जाई. एका संध्याकाळी तिने तीन वेळा यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. नंतर वही उचलली आणि दाराकडे निघाली. थोडे थांब, मेमरी अजून वाढवतो, असे परुळेकर म्हणाले. "इट्स ओके, बाबा. रंजिताकडे पाच मिनिटांत होतं," ती म्हणाली, आणि ती खरेच पाच मिनिटांत परत आली. त्या पाच मिनिटांनी जे केले ते तीन मोठ्या खोक्यांनी केले नव्हते.

पुढच्याच शुक्रवारी परुळेकर बर दुबईतल्या त्यांच्या नेहमीच्या दुकानात गेले. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारा तो गुजराती गृहस्थ त्यांना चांगला ओळखत होता. नवा, वेगवान बोर्ड कोणता घालता येईल, असे त्यांनी विचारले. त्याने त्यांच्या खोक्याची मापे ऐकली आणि मान हलवली. "साहब, अभी बस. इस डब्बे में नया बोर्ड नहीं बैठेगा. स्क्रू के छेद ही अलग हो गये. खलास." परुळेकरांनी तरीही मेमरीची एक पट्टी घेतली. ती आपल्या बोर्डावरच्या उरलेल्या शेवटच्या खाचेत बसवली. यंत्र सुरू व्हायला चाळीस सेकंद कमी लागू लागले. ही गोष्ट त्यांनी जेवताना दोनदा सांगितली. हेमाने पोळी वाढली. आभाने मान वर केली नाही.

इमारतीतली हाकही त्याच सुमारास मंदावली. आणखी दोन घरांत नवी यंत्रे आली. बिघाड झाला तर दुकानाचा माणूस घरी येई. शुक्रवारचा स्क्रूड्रायव्हर खिशात तसाच राहू लागला. या सर्वांची बेरीज परुळेकरांनी कानिटकरांच्या नावावर मांडली. उघड वैर त्यांनी धरले नाही. वाट्या येत-जात राहिल्या. फक्त त्यांच्या मनात एक इच्छा घर करून बसली, आणि ती इतकी क्षुद्र होती की त्यांनी तिला शंकेचा वेश दिला. दुकानदाराने कानिटकरांना फसवले असावे. अशा दिपवणाऱ्या खोक्यांत पुष्कळदा जुनी डिस्क घालतात, कमी वेगाची मेमरी घालतात. एकदा कोणीतरी जाणकाराने उघडून पाहायला हवे. त्या जाणकाराला कोणी बोलावत नव्हते.

जूनअखेर शाळा बंद झाल्या आणि दरवर्षीप्रमाणे इमारत रिकामी होऊ लागली. बायकामुले दोन महिने भारतात जात; ज्यांना रजा मिळे ते पुरुषही जात; जो मागे राही त्याच्याकडे बाकीच्यांच्या घराची किल्ली येई. तुळशीला पाणी घालायचे, नळ थोडे सोडायचे, आणि एसी रोज तासभर लावायचा, नाहीतर त्या उन्हाळ्यात बंद घरातली लाकडेसुद्धा उलतात. किल्ली ज्याच्याकडे येई त्याने स्वयंपाकघरापर्यंत जावे, बाल्कनीपर्यंत जावे, आणि बाकीच्या घरात डोळे झाकून वावरावे, हा न बोललेला नियम होता. परक्या देशात, जिथे कोणाचेच कोणी नव्हते, तिथे या नियमावर माणसे आपले संसार सोपवून विमानात बसत. त्या वर्षी हेमा आणि आभा देवगडला गेल्या, कानिटकर कुटुंब पुण्याला गेले, आणि विनिताने किल्ली नेहमीप्रमाणे परुळेकरांच्या हातात ठेवली. "तुमच्याकडे आहे म्हणजे मला काळजी नाही, भाऊ," ती म्हणाली.

पहिला आठवडा परुळेकरांनी नियम पाळला. संध्याकाळी सहाला कचेरीतून येत, तुळशीला पाणी घालत, एसी लावून बाल्कनीच्या दाराशी उभे राहत. दुसऱ्या आठवड्यात उभे राहण्याऐवजी रंजिताच्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसले. एसीचा तास काढायचाच तर उभ्याने कशाला. टेबलावर तो नवा कॉम्प्युटर होता, वर विनिताने शिवलेले फुलाफुलांचे आच्छादन घातलेला. चौथ्या दिवशी त्यांनी आच्छादन काढले. पाचव्या दिवशी यंत्र सुरू केले आणि घड्याळ लावून बसले: अठ्ठावीस सेकंद. ज्या ज्ञानकोशापुढे त्यांचे खोके थिजत असे, त्याची सीडी तिथेच होती. पाणबुड्यांचे चित्र क्षणात उलगडले, हलू लागले, त्यातला माणूस नाकाला चिमटा लावून समुद्रात उतरला. परुळेकरांनी यंत्र बंद केले. आपल्या मुलीने काय पाहिले असेल हे त्यांना कळले, आणि ते कळल्याने मन मोठे व्हायचे ते अधिकच आवळले.

दुसऱ्या दिवशी ते वर आले तेव्हा खिशात स्क्रूड्रायव्हर होता.

खोक्याच्या मागच्या बाजूला दोन स्क्रू होते. एकावर पांढऱ्या कागदाची लहान चिठ्ठी चिकटवलेली होती, अर्धी स्क्रूवर आणि अर्धी पत्र्यावर. तिच्यावर दुकानाचे नाव होते. परुळेकरांना ती जाहिरातीची वाटली. चार वर्षांत त्यांनी शेकडो स्क्रू काढले असतील. परंतु ज्या वस्तू त्यांनी उघडल्या त्या साऱ्या कोणीतरी टाकलेल्या, हातोहाती फिरलेल्या, वॉरंटी केव्हाच संपलेल्या होत्या. अखंड, नवीकोरी वस्तू त्यांच्या हातात कधी आलीच नव्हती. तिला सील असते हे ज्याने एकदा नवा घेतला त्याला ठाऊक असे. ज्याने जन्मभर जुन्यालाच जोड दिली त्याला ठाऊक नसे. स्क्रू फिरला, चिठ्ठी टरकन फाटली, आणि बाजूचा पत्रा त्यांच्या हातात आला.

आत काहीही खोटे नव्हते. डिस्क नवी होती. मेमरी लिहिल्याप्रमाणे होती. तारा नीट गुंडाळून पट्ट्यांनी बांधलेल्या होत्या, परुळेकरांच्या स्वतःच्या खोक्यात त्या आतड्यांसारख्या लोंबत. आणि बोर्डावर मेमरीसाठी चार खाचा होत्या. एकीत पट्टी होती, तीन रिकाम्या होत्या. स्वच्छ, काळ्या, बोटाचाही स्पर्श न झालेल्या. परुळेकर त्या तीन खाचांकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या यंत्रात आता एकही खाच उरली नव्हती. इथे मालकाला ठाऊकही नसलेली वाढण्याची जागा पडून होती.

पत्रा परत लावताना त्यांनी चिठ्ठी वाचली. दोन भाषांत छापलेले होते. अरबी त्यांना येत नव्हती, इंग्रजी येत होती. फाटल्यास वॉरंटी रद्द. रंजिताच्या टेबलावर रंगीत कागद, कात्री आणि शाळेच्या प्रकल्पाचा गोंद होता. त्या गोंदाने त्यांनी दोन्ही अर्धे जुळवले, अंगठ्याने दाबले, वर आच्छादन ओढले, एसी बंद केला, आणि तुळशीला त्या दिवशी दुसऱ्यांदा पाणी घातले.

ऑगस्टअखेर सगळे परतले. परुळेकरांनी ठरवले होते, कानिटकर आल्याबरोबर सांगून टाकायचे. कानिटकरांनी पुण्याहून आणलेली बाकरवडी हातात ठेवली आणि ती वेळ निघून गेली. मग रोज वाटे, यंत्र तर चालतेच आहे. जे घडले नाही ते सांगायचे कशाला.

सप्टेंबरच्या मध्यावर ते घडले. कानिटकरांचे यंत्र एका सकाळी सुरू होईना. आतून टकटक आवाज येऊ लागला. मंगळवारी ते दुकानात नेले गेले. डिस्क गेली होती. तिचा परुळेकरांच्या हाताशी संबंध असण्याचे काही कारण नव्हते, नव्या डिस्कही जातात. पण दुकानातल्या माणसाने मागची चिठ्ठी नखाने खरवडली आणि खालचा वाळलेला गोंद दाखवला. सील तोडलेले आहे, वॉरंटी नाही.

त्या संध्याकाळी आभा वरून आली ती रडवेली होऊन. तिने जे तुटक तुटक सांगितले त्याचा अर्थ असा होता. कानिटकरांनी गोंद ओळखला. तो रंजिताच्या टेबलावरचा होता. नवे यंत्र आले तेव्हा रंजितानेच आत काय आहे ते बघूया म्हणून हट्ट धरला होता, आणि त्यांनी तिला बजावले होते की हात लावायचा नाही. आता ती नाही म्हणत होती आणि ते तिला खोटारडी म्हणत होते. वॉरंटीचे त्यांना तेवढे नव्हते. मुलगी डोळ्यांत बघून खोटे बोलते, याने ते हादरले होते.

"शी डिडन्ट डू इट, बाबा," आभा म्हणाली. "मला माहितीय. शी वुड हॅव टोल्ड मी."

परुळेकर म्हणाले, होईल सगळे ठीक. हे वाक्य उच्चारताना त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि तो एका परक्या, सभ्य माणसाचा आवाज होता. बुधवारी लिफ्टमध्ये रंजिता भेटली. बारा वर्षांची मुलगी, दप्तर पोटाशी धरलेली. "गुड मॉर्निंग, अंकल," ती म्हणाली आणि भिंतीकडे पाहू लागली. दोन मजले उतरायला लिफ्टला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ परुळेकरांना बोलण्यासाठी मिळाला होता. गुरुवारही गेला. मत्सराने माणूस दुसऱ्याच्या घरात शिरतो ही एक गोष्ट झाली. आपल्या हातचे पाप एका लेकराच्या अंगावर वाळू देणे ही दुसरी गोष्ट होती, आणि तिला मत्सराचीही सबब नव्हती. केवळ भित्रेपणा होता.

शुक्रवारी सकाळी कानिटकरांनी स्वतः खाली येऊन त्यांना बोलावले. परुळेकरांनी स्क्रूड्रायव्हर घेतला की नाही, हेही त्यांनी आवर्जून विचारले. वर टेबलापुढची खुर्ची त्यांच्यासाठी ओढून ठेवलेली होती. विनिताने चहा आणला. आतल्या खोलीच्या चौकटीला टेकून रंजिता उभी होती.

"परुळेकरसाहेब, तुमचंच खरं होतं," कानिटकर म्हणाले. "नवं घेतलं म्हणजे सुटलो, असं नसतं. तुमचा त्र्याण्णवचा धावतोय आणि माझा सहा महिन्यांत आडवा. आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं."

सहा महिने जे ऐकण्यासाठी परुळेकर तळमळले होते ते शब्द हेच होते, अगदी याच क्रमाने. ते ऐकताना त्यांना गोड वाटले. हे त्यांनी पुढे स्वतःपाशी कबूल केले: त्या क्षणीसुद्धा, ती मुलगी समोर उभी असताना, एक घोटभर गोड वाटले.

कानिटकरांनी खोके वळवून फाटकी चिठ्ठी त्यांच्यापुढे केली. "तुम्हाला यातलं कळतं. एवढंच सांगा, हे लहान मुलीचं काम आहे ना? तुम्ही हो म्हणालात की ती तरी कबूल करेल."

परुळेकरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"रंजिताने नाही. मी उघडला. जुलैत, तुम्ही पुण्याला असताना. गोंदही मीच लावला."

कानिटकरांच्या चेहऱ्यावर राग यायला वेळ लागला. त्याआधी नुसतेच न कळणे होते.

"कशाला?"

याचे एखादे तांत्रिक उत्तर देता आले असते. धूळ पाहायची होती, पंखा तपासायचा होता. परुळेकरांपाशी अशी वीस उत्तरे होती.

"आत काहीतरी खोटं सापडेल म्हणून," ते म्हणाले.

"सापडलं?"

"नाही."

कानिटकर उठले. ते परुळेकरांकडे वळणार, तोच विनिता मध्ये आली. ती सदैव हळू बोले. तेव्हाही हळूच बोलली. "यांच्याशी नंतर बोला. आधी तिची माफी मागा. चार दिवस पोरगी सांगते आहे." कानिटकर तिथेच थांबले. मग ते मुलीपाशी गेले आणि तिच्यासमोर खाली बसले. ते काय म्हणाले ते परुळेकरांनी ऐकले नाही. त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती. आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यातून त्यांनी तिसऱ्या मजल्याची किल्ली काढली. ती कडीतून लवकर सुटेना. शेवटी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कडी फाकवावी लागली. किल्ली टेबलावर ठेवून ते खाली आले. ती परत घ्या, असे त्यांना कोणी म्हटले नाही.

हेमाने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, की सांगितलेत ते बरे केलेत, उघडलेत ते नाही. आभा आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने विचारले, "मंगळवारीच का नाही सांगितलं?" "माहीत नाही," परुळेकर म्हणाले. त्यांचे सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच असावे. नव्या डिस्कचे पैसे त्यांनी पाकिटात घालून वर पाठवले. पाकीट न उघडता परत आले. गोष्ट इमारतीत पसरायची तशी पसरली. शुक्रवारची उरलीसुरली हाक थांबली. पुढच्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्याची किल्ली पाचव्या मजल्यावर गेली. ती रोज संध्याकाळी दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात खुळखुळत जिना चढताना परुळेकर आपल्या घरातून ऐकत.

दरम्यान एकदा त्यांनी आभाला दुकानात नेले आणि नवा कॉम्प्युटर तिला निवडू दिला. दुकानातल्या माणसाने मागच्या स्क्रूवर चिठ्ठी चिकटवली, ती परुळेकर उभे राहून पाहत होते. वर्षभर त्यांनी त्या खोक्याला हात लावला नाही. जुने खोके रास अल खोरच्या एका वर्कशॉपमधल्या देवगडच्या मुलांनी मागून नेले. त्यांना टायपिंग शिकायचे होते.

वाट्या पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. आधी विनिताकडून संक्रांतीचा तिळगूळ आला. त्यानंतरच्या एका शुक्रवारी दारात रंजिता उभी राहिली. कॉम्प्युटर हळू चालतो, नवा घेणार नाही असे बाबा म्हणतात, मेमरी आणली आहे, ती कशी बसवायची हे अंकलनी मला दाखवावे, एवढा निरोप तिने एका दमात सांगितला. परुळेकर वर गेले. कानिटकर दारातच होते.

"या," ते म्हणाले. "आता सील नाही, तेव्हा तुम्हाला भीती नाही."

टोमणा होता, आणि तो टोचावा म्हणूनच मारलेला होता. परुळेकरांनी तो घेतला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर रंजिताच्या हातात दिला आणि स्वतः मागे उभे राहून टॉर्च धरली. तिने दोन्ही स्क्रू काढले, पत्रा बाजूला ठेवला, पट्टी खाचेवर टेकवली आणि जोर लावायला घाबरली. दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाब, असे त्यांनी सांगितले. तिने दाबले. टक्क असा आवाज झाला आणि ती हसली.

टॉर्चच्या उजेडात परुळेकरांनी पाहिले. अजून दोन खाचा रिकाम्या होत्या. आणि त्या पाहताच छातीत तीच जुनी, बारीक कळ उठली, जी गेली असे ते वर्षभर समजत होते. त्यांनी टॉर्च हलू दिली नाही.

"आता पत्रा लाव," ते म्हणाले. "स्क्रू हातानेच आधी फिरव. घाई नको."